विम्याचे नूतनीकरण की नवा विमा?

जानेवारीतली पहाट होती. रेवदंड्याच्या पुलापलीकडच्या एका गावातील निवृत्त प्राथमिक शिक्षकांना त्यांचा पुतण्या रिक्षाने माझ्या दवाखान्यात घेऊन आला. वय ७३. छातीत जडपणा, दरदरून घाम. शाळेत मी त्यांचा विद्यार्थी नव्हतो, पण पंचक्रोशी त्यांना गुरुजी म्हणते म्हणून मीही म्हणतो. ईसीजी पाहिल्यावर वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. द्यायच्या त्या गोळ्या दिल्या, रुग्णवाहिका बोलावली आणि पनवेलच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहिली. त्या चिठ्ठीत नेहमीप्रमाणे एक ओळ होती : मधुमेह १४ वर्षांपासून, रक्तदाब ९ वर्षांपासून, चालू गोळ्या अमुक अमुक.

गुरुजी वाचले. वडखळच्या नाक्यावर त्या दिवशी वाहनांची रांग नव्हती, हेही त्यांचे नशीबच. दुपारी अँजिओप्लास्टी झाली आणि संध्याकाळी विमा कंपनीने कॅशलेस नाकारल्याचा निरोप आला. नंतर खर्चाची बिले पाठवून रीतसर दावा केला, तोही फेटाळला गेला. कारण एका परिच्छेदाचे होते. प्रस्ताव अर्जात मधुमेह व रक्तदाब या आजारांची माहिती दिलेली नाही, सबब दावा अमान्य. सोबत पुराव्यादाखल जो कागद जोडला होता, तो माझ्या हातचा होता. तीच चिठ्ठी.

गुरुजींचा विमा १३ वर्षांचा होता; निदान त्यांना तसे वाटत होते. २०१२ साली मुलाने नोकरी लागल्यावर आईवडिलांच्या नावे दोन स्वतंत्र पॉलिसी काढल्या होत्या. दर एप्रिलला एजंट घरी येई, चहा घेई, धनादेश घेऊन जाई. एजंट गुरुजींचाच जुना विद्यार्थी. गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये तो आला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, हप्ता फार वाढलाय. या वेळी दुसऱ्या कंपनीत करतो. विमा तोच, रक्कम दुप्पट आणि हप्ता कमी." गुरुजींनी खुणा केलेल्या जागी सह्या केल्या. चार दिवसांनी कंपनीतून फोन येईल, ते जे विचारतील त्याला 'नाही' म्हणा, असे त्याने सांगितले होते. फोन आला. साखर आहे का, नाही. रक्तदाब आहे का, नाही. पूर्वी कधी आरोग्य विमा होता का, नाही. आयुष्यभर मुलांना खरे बोलायला शिकवलेल्या माणसाने हे सारे 'नाही' का म्हटले, असे मी त्यांना पुढे विचारले. ते म्हणाले, "मला वाटले, ती नूतनीकरणाची पद्धत असेल."

ती पद्धत नव्हती. गुरुजींचे नूतनीकरण झालेच नव्हते. जुनी पॉलिसी मुदत संपून आपोआप बंद पडली होती आणि ७२ वर्षांच्या, सर्वस्वी निरोगी व पूर्वी कधीच विमा नसलेल्या एका काल्पनिक माणसाच्या नावे नवी पॉलिसी निघाली होती.

यात नेमके काय गेले, हे समजून घेतले पाहिजे. वृद्धांच्या आरोग्य विम्यात हप्ता आणि विम्याची रक्कम एवढेच आकडे आपण पाहतो. तिसरा आकडा असतो तो सलग वर्षांचा, आणि उतारवयात तोच सर्वांत मोलाचा. नवी पॉलिसी घेतली की आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ लागतो. भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने, म्हणजे आपण ज्याला इर्डा म्हणतो त्या संस्थेने, २०२४च्या नियमांत हा काळ जास्तीत जास्त ३६ महिन्यांवर आणला. पूर्वी तो ४८ महिने असे. मोतीबिंदू, हर्निया, मूतखडे, गुडघ्याचे सांधेरोपण अशा ठरावीक उपचारांनाही वेगळा प्रतीक्षा काळ असतो, तो बहुधा दोन वर्षांचा. साठी-सत्तरीतल्या माणसाला विमा नेमका कशासाठी लागतो, याची यादी मला कुणी करायला सांगितली, तर मी जवळपास हीच नावे लिहीन.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. सलग ६० महिने, म्हणजे पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली, की त्यानंतर माहिती दिली नाही किंवा चुकीची दिली या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारू शकते. ही मुदत पूर्वी आठ वर्षांची होती, २०२४मध्ये पाच झाली. गुरुजींच्या जुन्या पॉलिसीला १३ वर्षे झाली होती. प्रतीक्षा काळ केव्हाच सरले होते, आक्षेपाची मुदतही उलटली होती. ती पॉलिसी चालू असती तर माझ्या चिठ्ठीतल्या त्या ओळीवर कुणी बोट ठेवले नसते. एका सहीने १३ वर्षांचे शून्य झाले.

एजंटांविषयी सरसकट वाईट लिहिणे मला योग्य वाटत नाही. आपल्या किनाऱ्यावर विमा एजंट हा कुणी परका माणूस नसतो. तोच पोस्टाची आवर्ती ठेव गोळा करतो, तोच आयुर्विम्याचे हप्ते भरतो, आणि रुग्णालयात रात्री दोन वाजता टीपीएच्या खिडकीशी उभा असलेला एजंटही मी पाहिला आहे. पण त्याचा व्यवसाय कसा चालतो हे ठाऊक असावे. एकट्याने काम करणारा एजंट मोजक्या, ठरावीक कंपन्यांशी बांधलेला असतो आणि कायद्याने तो कंपनीचा प्रतिनिधी असतो. ग्राहकाचा प्रतिनिधी म्हणून काम करतो तो ब्रोकर. एजंटाने एका कंपनीची एजन्सी सोडून दुसरीची घेतली, की जुन्या ग्राहकांचे नूतनीकरण त्याच्या हातून जाते. मग तो ग्राहकांनाच आपल्याबरोबर नव्या घरी नेऊ पाहतो. शिवाय कंपन्यांची लक्ष्ये आणि बक्षिसे असतात ती नव्या व्यवसायासाठी. आरोग्य विम्यावरील दलालीला पूर्वी टक्क्यांची कमाल मर्यादा होती. एप्रिल २०२३पासून ती काढून खर्चाच्या एकूण मर्यादेत राहून कंपनीने आपले धोरण ठरवावे असे झाले. तेव्हा एजंट कंपनी बदलायला सांगतो त्यामागे आपले हितही असू शकते आणि त्याचेही. त्यात गैर काही नाही. "तुम्ही आता कोणत्या कंपनीचे काम करता?" एवढा प्रश्न मात्र दर वर्षी विचारावा. भिडेपोटी तो कुणी विचारत नाही.

"पहिल्या वर्षीचा हप्ता थोडा मी भरतो" असेही काही जण म्हणतात. हप्त्यात अशी सूट देणे आणि घेणे, दोन्ही विमा कायद्याच्या ४१व्या कलमाने निषिद्ध आहे. जिथे ही सूट पुढे येते तिथे अर्ज दोनदा वाचावा.

कंपनी बदलण्याचा रीतसर मार्ग आहे, आणि तो बराच जुना आहे. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय २०११च्या जानेवारीत देशभर आली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून आरोग्य विम्यालाही तशी सोय मिळाली. तिला पोर्टेबिलिटी म्हणतात. यात जुन्या कंपनीकडे सरलेला प्रतीक्षा काळ, साठलेला बोनस आणि पाच वर्षांच्या मुदतीतले सरलेले महिने नव्या कंपनीत सोबत येतात. एक मर्यादा लक्षात ठेवावी : हा लाभ जुन्या विमारकमेपुरता असतो. जुना विमा तीन लाखांचा आणि नवा दहा लाखांचा असेल, तर तीन लाख व त्यावरचा बोनस एवढ्याला जुनी वर्षे लागू होतात. उरलेल्या वाढीव रकमेचे घड्याळ पहिल्यापासून सुरू होते. 'रक्कम दुप्पट' या शब्दांचा अर्थ एवढाच.

यासाठी वेळ लागतो. बहुतेक पॉलिसींच्या अटींनुसार पोर्टेबिलिटीचा अर्ज नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी किमान ४५ दिवस करायचा असतो, पण ६० दिवसांहून आधी नाही. अर्ज गेल्यावर जुन्या कंपनीने ७२ तासांत आपली माहिती द्यावी आणि ती मिळाल्यापासून नव्या कंपनीने पाच दिवसांत निर्णय कळवावा, असा इर्डाचा दंडक आहे. नवी कंपनी नकार देऊ शकते. वय, आजार, पूर्वीचे दावे पाहून वृद्धांना ती पुष्कळदा नकार देते, आणि घाईत असलेल्या एजंटाला हेच नको असते. पोर्टेबिलिटीत जुने कागद द्यावे लागतात, जुने दावे उघड होतात, तपासण्या होतात, नकाराची शक्यता वाढते. कोऱ्या अर्जावर सगळीकडे 'नाही' लिहिले की पॉलिसी चार दिवसांत हाती येते. तारखेला आठवडा उरला असताना कुणी 'कंपनी बदलू' म्हणत असेल, तर ती पोर्टेबिलिटी असण्याची शक्यता फारच थोडी.

पॉलिसी हाती आली की ओळखण्याची एक खूण सांगतो. पहिल्या एक-दोन पानांवर प्रत्येक व्यक्तीच्या नावासमोर तिचा विमा प्रथम कधी सुरू झाला याची तारीख असते. तिथे जुनेच वर्ष हवे. तिथे या वर्षीची तारीख दिसली, तर विमा नवा आहे; एजंट त्याला काहीही म्हणो.

मग कंपनी कधीच बदलू नये का? तसे माझे म्हणणे नाही. जुन्या पॉलिसीत खोलीभाड्याला फार तोकडी मर्यादा असेल, प्रत्येक बिलाचा पाचवा हिस्सा आपण भरायचा अशी अट असेल किंवा पनवेल, नवी मुंबईतले रुग्णालय तिच्या यादीत नसेल, तर बदलाचा विचार जरूर करावा. शक्य तर साठीच्या आत आणि प्रकृती ठीक असताना. आपल्या जिल्ह्यातील लोकांनी एक अट विशेष तपासावी. काही पॉलिसींमध्ये देशाचे विभाग पाडलेले असतात. मुंबई महागड्या विभागात, अलिबाग-मुरूड-श्रीवर्धन स्वस्त विभागात. गावच्या पत्त्यावर हप्ता कमी बसतो, पण उपचार मुंबईत घेतले तर बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाने भरायचा असतो. आपल्याकडे हृदयाचे, मेंदूचे, कर्करोगाचे मोठे उपचार घ्यायला माणूस कुठे जातो, हे मी सांगायला नको. गिरणीतून वा गोदीतून निवृत्त होऊन गावी आलेल्या आणि नंतर पत्ता बदललेल्या मंडळींनी ही अट आजच पाहावी.

हप्ता वाढला म्हणून बदलायचे असेल तर आधी ताजा हिशेब मांडावा. ६० वर्षांवरील व्यक्तींच्या हप्त्यात एका वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढ करायची झाल्यास कंपनीने आधी इर्डाशी विचारविनिमय करावा, असा आदेश जानेवारी २०२५मध्ये निघाला. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. त्यापूर्वीच्या पावतीवरून कुणी आकडेमोड करून दाखवत असेल तर ती ग्राह्य धरू नये. 'यंदा तुम्ही दावा केलात, आता जुनी कंपनी पॉलिसी पुढे चालू ठेवणार नाही,' ही भीतीही घातली जाते. मागील वर्षी दावा केला या कारणावरून नूतनीकरण नाकारता येत नाही.

आता माझ्या बाजूचे थोडे. वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी दवाखान्यात येऊन हळूच म्हणते, "डॉक्टर, साखर यंदाच निघाली असे लिहून द्या ना." कधी रुग्ण स्वतः येतो, कधी त्याला पाठवलेले असते. मी नाही म्हणतो. माझ्या परवान्याचा प्रश्न त्यात आहेच, पण ते खोटे रुग्णालाच महागात पडते. रुग्णालयात दाखल होताना तीन-चार ठिकाणी इतिहास लिहिला जातो. तातडीच्या विभागातला तरुण डॉक्टर विचारतो, "साखर कधीपासून?" सोबत आलेला पुतण्या म्हणतो, "बरीच वर्षे झाली." कागदावर १५ पडतात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वेगळा आकडा असतो, गोळ्यांच्या दुकानातल्या बिलावर तिसराच. दावा तपासणारा माणूस यातला सर्वांत जुना आकडा उचलतो.

म्हणून घरात एक कागद असावा. आजाराचे नाव, तो प्रथम कोणत्या वर्षी आणि कोणत्या तपासणीत आढळला, चालू औषधे, झालेल्या शस्त्रक्रिया आणि त्यांची वर्षे. खाली फॅमिली डॉक्टरांची सही व तारीख. मी आता हा कागद साठीवरच्या सर्वांना मराठीत करून देतो, सुवाच्य अक्षरात. डॉक्टरांच्या अक्षरावर विनोद पुष्कळ आहेत, पण '१' आणि '७' यांत गोंधळ झाल्याने सहा वर्षांचा फरक पडलेला दावा मी पाहिला आहे. हा कागद रुग्णालयात न्यावा आणि विम्याचा अर्ज भरतानाही समोर ठेवावा. अर्जात आणि रुग्णालयात एकच गोष्ट सांगितलेली असली, की निम्मे वाद उद्भवतच नाहीत. थायरॉइडची अर्धी गोळी, झोपेची गोळी, २० वर्षांपूर्वीचे गर्भाशयाचे ऑपरेशन, हे सगळे त्यात आले पाहिजे. 'त्यात काय सांगायचे' असे वाटते तेच नेमके राहते.

"पण अर्ज एजंटाने भरला, आम्ही फक्त सही केली," असे गुरुजींचा मुलगा मला म्हणाला. त्याचा संताप खरा होता, पण कायदा त्याच्या बाजूचा नव्हता. २०१९ साली रेखाबेन राठोड यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न पाहिला. ते प्रकरण आयुर्विम्याचे होते आणि त्यात लपवलेली गोष्ट आधीची दुसरी पॉलिसी ही होती. अर्ज दुसऱ्याने भरला आणि मजकूर न समजता सही केली, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. सही ज्याची, जबाबदारी त्याची. २००९मध्ये सतवंत कौर संधू यांच्या आरोग्य विम्याच्या प्रकरणातही मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार न सांगितल्यामुळे दावा फेटाळणे न्यायालयाने योग्य ठरवले होते.

कंपनीवरही बंधने आहेत. जेकब पुन्नन यांच्या प्रकरणात, डिसेंबर २०२१मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने विमाधारकाच्या बाजूने निकाल दिला. नूतनीकरणाच्या वेळी कंपनीने अँजिओप्लास्टीच्या खर्चावर नवी मर्यादा घातली होती आणि ती ग्राहकाला आधी कळवली नव्हती. अटी बदलल्या तर त्या स्पष्टपणे कळवणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे कंपनी तीच राहिली तरी नूतनीकरणाचे कागद वाचायचे असतातच. यासाठी एक चांगली सोय झाली आहे. १ जानेवारी २०२४पासून पॉलिसीबरोबर सोप्या भाषेतले ग्राहक माहिती पत्रक सुधारित स्वरूपात मिळते, आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यावे असे इर्डाने सांगितले आहे. मराठीत मागावे. कुणी मागत नाही, म्हणून मिळत नाही.

गुरुजींच्या प्रसंगानंतर महिन्याभरात चौलच्या एक आजी आल्या. वय ६८, संधिवात, रक्तदाब, एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले. त्यांच्याही एजंटाने कंपनी बदलायला सुचवले होते, पण नूतनीकरणाला अजून सात आठवडे होते. आम्ही दोघांनी बसून अर्ज भरला. पोर्टेबिलिटीचा अर्ज वेगळा, प्रस्तावाचा वेगळा. दोन्ही त्यांच्या सुनेने आपल्या हाताने लिहिले, सगळे आजार वर्षांसह घातले, आणि मागच्या चार वर्षांच्या पॉलिसींच्या प्रती जोडल्या. नव्या कंपनीने नकार दिला. आजी हिरमुसल्या. मला मात्र हायसे वाटले, कारण जुनी पॉलिसी अजून चालू होती. त्यांनी तिचाच हप्ता भरला, महाग का असेना. नवी पॉलिसी हाती येऊन तिच्यावरची जुनी तारीख वाचून होईपर्यंत जुनी सोडायची नाही, हा साधा क्रम त्यांनी पाळला होता.

चूक होऊन गेली असेल, आणि ती लवकर लक्षात आली, तर दोन मुदती मदतीला येतात. नव्या पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती पसंत नसल्यास परत करता येते. वार्षिक हप्त्याच्या जुन्या पॉलिसीलाही मुदत संपल्यावर ३० दिवसांचा वाढीव काळ असतो. त्या काळात हप्ता भरला तर जुनी वर्षे टिकतात. मधल्या खंडातल्या आजारपणाला मात्र संरक्षण नसते. या दोन्ही महिन्यांचे दिवस एकाच वेळी सरत असतात आणि दोन्ही लवकर संपतात. एप्रिलमध्ये झालेली गोष्ट जूनमध्ये कळली तर उपयोग नाही. म्हणूनच पॉलिसी आली की ती कपाटात न ठेवता त्याच दिवशी मुलाला, मुलीला, शेजारच्या एखाद्या निवृत्त कारकुनाला वाचायला द्यावी.

कागदांचे एक आणखी. पॉलिसीवर मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे ते पाहावे. माझ्याकडच्या कितीतरी रुग्णांच्या पॉलिसीवर एजंटाचाच नंबर निघाला. कंपनीचे नूतनीकरणाचे स्मरण, अटी बदलल्याची सूचना, पॉलिसी बंद पडल्याचा संदेश, हे सगळे त्याच्याकडे जाते. एका फोनने ही दुरुस्ती होते. आणि जुन्या पॉलिसी फेकू नयेत. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात आपल्याकडे कौले उडाली, ट्रंका भिजल्या, त्यात अनेकांचे विम्याचे कागदही गेले. सलग वर्षे सिद्ध करायची वेळ आली तेव्हा काहींना बँकेच्या पासबुकातून दर वर्षीचा हप्ता शोधून दाखवावा लागला. कागदांचे फोटो मुलांच्या फोनमध्ये असू द्यावेत.

तक्रार करायची तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, लेखी. तिथे दाद लागली नाही किंवा ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत जाता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. इर्डाचे 'विमा भरोसा' हे संकेतस्थळ आहे आणि १५५२५५ हा निःशुल्क दूरध्वनी. एजंटाविरुद्धही तक्रार होते : जुनी पॉलिसी बंद करून नवी घेण्यास भाग पाडू नये, प्रस्तावातली महत्त्वाची माहिती दडवण्यास उद्युक्त करू नये, हे त्याच्या आचारसंहितेत आहे. गुरुजींनी कंपनीविरुद्ध तक्रार केली आहे, निकाल यायचा आहे. एजंटाविरुद्ध करायला ते तयार नाहीत. "माझ्या वर्गात होता तो," एवढेच म्हणतात. मुलाला हे पटलेले नाही, आणि मलाही.

दाव्याबरोबर गुरुजींची पॉलिसीही कंपनीने रद्द केली. रुग्णालयाच्या बिलासाठी मुलाने दोन मुदतठेवी मोडल्या. ७० वर्षांवरील सर्वांसाठी ऑक्टोबर २०२४पासून सुरू झालेले आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांच्याकडे नव्हते. 'आपला विमा आहे, कशाला' म्हणून काढले नव्हते. खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळते, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात. फेब्रुवारीत त्यांच्या पुतण्याने ते काढून आणले. ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेले कुणी आहे त्यांनी आधारकार्ड घेऊन या आठवड्यातच ते काम करावे.

राहिल्या काकू. त्यांचीही पॉलिसी त्याच दिवशी, त्याच एजंटाने, त्याच पद्धतीने बदलली होती आणि त्यांच्याही अर्जात थायरॉइड व रक्तदाब लिहिलेला नव्हता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्या फाइल घेऊन आल्या. एप्रिलच्या नूतनीकरणापूर्वी कंपनीला आपण होऊन खरे कळवायचे की गप्प राहून पाच वर्षे उलटण्याची वाट पाहायची, असा त्यांचा प्रश्न होता. मुलाचे मत गप्प राहण्याचे होते. मी काही बोलण्याआधी काकूच म्हणाल्या, "पाच वर्षे मी आजारी पडणार नाही असे तुम्ही लिहून देता का?" आम्ही पत्र लिहिले. दोन्ही आजारांची वर्षे, गोळ्यांची नावे, माझी सही. कंपनीने पॉलिसी रद्द केली नाही. त्या दोन आजारांना नव्याने प्रतीक्षा काळ लावला आणि हप्ता थोडा वाढवला. ते पत्र काकूंनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघराच्या वरच्या फळीवर ठेवले आहे. पॉलिसीवरचा मोबाइल नंबर आता त्यांच्या सुनेचा आहे.